घड्याळ मागं पडलंय

सेलूत अकराला लाईट गेली, बाराला आली,
आणि माझ्या मशीनचं पुन्हा तेच :
कोपऱ्यात एक जानेवारी, दोन हजार नऊ.
पडद्यावर लाल त्रिकोण.
तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही.

बाकड्यावर माणसं वाढलेली.
पीकविमा, नॉन-क्रिमिलेअर, एक आधार दुरुस्ती,
आणि डोईफोडे गुरुजी, हयातीच्या दाखल्याला.
नोव्हेंबर सरत आला, पेन्शन थांबायला नको.

"पुढं जा म्हणा की त्याला," मागून एक पोरगं.
"खाली बारीक अक्षरात असतंय बघा, 'तरीही पुढं जा'.
मानवतला समदे तसंच करू लालेत."

मी माउसवरचा हात काढून घेतला.
मागच्या उन्हाळ्यात स्कॉलरशिपच्या साइटच्या नावात
एक अक्षर जास्त होतं. एकच.
तिच्यावरही कुलूप होतं.
कुलूप एवढंच सांगतं की रस्त्यात कुणी ऐकत नाही.
दाराआड कोण बसलाय, ते सांगत नाही.
कांगण्याच्या पोरीचे चार हजार गेले,
आणि नाव वाचायचं काम माझं होतं.

मोबाईलवर तीच साइट लावली. उघडली.
मग इथं तिचा दाखला काढून ओळीनं वाचला :
कुणाला दिला. कुणी दिला.
कधीपासून, कधीपर्यंत.
नाव अक्षर न् अक्षर बरोबर.
माझं मशीनच दोन हजार नऊ सालात बसून म्हणत होतं,
हा दाखला अजून जन्मलाच नाही.

गुरुजींनी खुर्ची ओढली.
"साइटीलाबी दाखला लागतो? देतंय कोण?"
असतो एक अधिकारी.
"त्याला?"
त्याच्या वरचा. त्याला मूळ म्हणतात.
"अन् मुळाला?"
मी जराशी थांबले.
त्याच्यावर कुणी नाही, गुरुजी.
तो आपल्या दाखल्यावर आपणच सही करतो.
मशीन येतं तेव्हा त्याचं नाव आत लिहूनच येतं.

गुरुजींना हसू आलं, हसता हसता खोकला.
"अयोध्ये, तुझी जन्मतारीख?"
एक जून.
पीकविमा म्हणाला, माझीबी.
आधार दुरुस्ती म्हणाली, अगं बया, माझीबी.

"मीच लिहिलीय. तुझी माय म्हणली,
पोळा झाल्यावर, ज्वारी पेरायच्या आधी झाली.
दाखल-खारिज रजिस्टरात पोळा कुठं लिहू?
एक जून टाकला, खाली सही ठोकली.
त्या सहीवर तुम्ही लग्नं केलीत, नोकऱ्या केल्यात,
कामून कुणी विचारलं नाही
की ह्या मास्तरला कुणी सांगितलं?"

समोरच्या इलियासभाईकडून सेल आणला,
शर्टाच्या बटणाएवढा, पस्तीस रुपये.
डब्याचं झाकण काढलं, आत पावशेर धूळ,
एक वाळलेली पाल.
जुना सेल नखानं उचकटला, नवा बसवला,
तारीख हातानं आजवर आणली.
लाल गेलं.
इतकं गपचूप गेलं की कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

अंगठा मात्र लागेना.
चाळीस वर्षं खडू धरलेला अंगठा, रेषाच नाहीत.
पुसला, फुंकर मारली, पुन्हा.
अनामिकेवर शेवटी यंत्राला पटलं
की हा माणूस हयात आहे.

पावती निघाली.
जन्मतारीख : ०१/०६/१९४९.
मी वर बघितलं.
"माझ्याकडं काय बघू लालीस," गुरुजी चष्मा पुसत म्हणाले,
"ते आमच्या गुरुजींना विचार."
पावतीची चार घडीची घडी करून खिशात घातली,
मेलेला सेलही उचलला, नातवाला दाखवायला.

पुढचं कोण?
पीकविमा उठला.